स्क्रू ड्रायव्हरची लाज

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून आत्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, पाऊसपाणी झालं, कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाचं फिसकटलं ते झालं, आणि मग खरा मुद्दा आला.

"अरे, सुट्टीला येतोयस तर येताना एक लॅपटॉप घेऊन ये की. पोराचा अगदी बंद पडल्यात जमा आहे."

पोर म्हणजे माझा भाचा, आतेबहिणीचा मुलगा. कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे. लॅपटॉप दोनच वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला. बंद वगैरे काही पडला नव्हता. त्यात रॅम होती ८ जीबी. ब्राउझर, कॉलेजचा व्हिडिओ तास आणि प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की बिचारा गुदमरायचा. मी म्हटलं, "एवढंच ना? अजून ८ जीबीची एक पट्टी टाक, पळायला लागेल." पोरगं हुशार. त्याने मागचं झाकण उघडून फोटोच पाठवला. स्लॉट नव्हताच! रॅमच्या चिप्स थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं होतं की अख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्याचा खर्च जवळजवळ नव्या लॅपटॉपइतका.

दोन वर्षांचं यंत्र. पडदा ठणठणीत, कीबोर्ड ठणठणीत, प्रोसेसर चांगला. आणि निकाल काय, तर नवीन घ्या.

मला राग आला. आधी कंपनीचा, मग न सांगता विकणाऱ्या दुकानदाराचा. पण रात्री विचार करताना लक्षात आलं की खरा राग आपल्या लोकांचा आलाय, आणि त्यात मीही आलो. कारण हे जे झालंय ते आपण होऊ दिलंय. कसं ते सांगतो.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो २००३ साली. १२८ एमबी रॅम (जीबी नव्हे, एमबी!). वर्षभरातच तो मधेच निळा पडदा दाखवून बसायला लागला. बाबांनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि निदान केलं, "विंडोज उडालीय, फॉरमॅट मारायला लागेल." मारला. तीनशे रुपये. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तीनशे. तिसऱ्या खेपेला बाबांचे पतसंस्थेचे हिशेब आणि आजोबांनी दोन बोटांनी टाइप केलेल्या आठवणी गेल्या. चौथ्या खेपेला दुसरा मेकॅनिक आला. त्याने रॅमची पट्टी काढली, खोडरबराने तिचे पिवळे पाय घासले, परत बसवली आणि यंत्र सुरू झालं. आम्ही धन्य झालो. महिनाभराने पुन्हा निळा पडदा. पट्टीच खराब होती. ती बदलल्यावर तो कॉम्प्युटर पुढे सहा वर्षं चालला.

या सगळ्या काळात मी काय करत होतो? लांब उभा राहून बघत होतो. हात लावायची परवानगी नव्हती. "तू अभ्यास कर, ते मेकॅनिकचं काम आहे." इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला मुलगा मी. शेजारच्या शेडमधला जॉबर नुसत्या आवाजावरून कुठला माग बिघडलाय ते सांगायचा आणि पाना घेऊन मागाखाली शिरायचा. तो माझ्या दृष्टीने जादूगार होता. पण त्याच्यासारखं व्हायचं नाही, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. शिकलेला माणूस पाना धरत नाही!

ही शिकवण घेऊन मी अमेरिकेत पीएचडीला आलो आणि तिने मला चांगलाच दणका दिला.

मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी द्रवांच्या प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवत होतो. प्रयोगशाळेत मला एक वर्कस्टेशन दिलं होतं, ८ जीबीच्या चार पट्ट्या, एकूण ३२ जीबी. २०१५च्या हिवाळ्यात माझ्या आलेखात एक उंचवटा दिसायला लागला. तसा उंचवटा आधी कोणी नोंदवलेला नव्हता. मी हरखलो. गटाच्या बैठकीत तो आलेख दाखवला, गाइडने शाबासकी दिली, एका परिषदेसाठी सारांश लिहायला घेतला. आणि सहज म्हणून तेच गणित पुन्हा चालवलं तर उंचवटा गायब!

तीन आठवडे मी माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. रात्री झोप नाही. दुसरीकडे नोकरी कशी मिळेल इथपर्यंत विचार गेले. कोड ओळ न् ओळ तपासला. पण एक साधी गोष्ट तीन आठवडे केली नाही. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, एकाच धाग्यावर, तीनदा चालवून बघणं. असं चालवलं तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत सारखंच आलं पाहिजे. मला तीनदा तीन वेगळी उत्तरं आली. म्हणजे चूक प्रोग्रॅममध्ये असण्याची शक्यता जवळजवळ संपली. चूक यंत्रात होती.

आता जरा रॅममध्ये काय असतं ते बघू, म्हणजे पुढचं कळेल. रॅमचा एकेक बिट म्हणजे विजेचा भार धरून ठेवणारं एक अतिसूक्ष्म भांडं. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८चं. भांडं गळकं असतं, म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत ते वाचून पुन्हा भरावं लागतं. ८ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,८७० कोटी भांडी असतात. त्यातलं एक जरी जास्त गळकं निघालं, तरी एखाद्या आकड्यातल्या १ चा ० होतो. तो बिट आकड्याच्या शेपटात असेल तर काहीच कळत नाही. डोक्यात असेल तर प्रोग्रॅम कोसळतो, आणि निदान कळतं तरी. मध्ये कुठे असेल तर उत्तर खरं वाटावं इतपतच चुकतं. माझा उंचवटा हा असला मधला प्रकार होता.

आता करायचं काय? वर्कस्टेशनच्या पेटीवर स्टिकर होतं, 'काढल्यास वॉरंटी रद्द'. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला की तुम्ही उघडलंत तर आमची जबाबदारी संपली, आमचा माणूस दोन आठवड्यांनी येईल. मी निमूटपणे फोन ठेवला. वॉरंटी रद्द म्हणजे काहीतरी महापाप, अशी आपली समजूत असते ना.

आमच्या खात्याच्या वर्कशॉपमध्ये एक म्हातारा तंत्रज्ञ होता. साठी उलटलेली, हात कायम ग्रीसने काळे. डिग्री नव्हती, पण डीन त्याच्याकडे स्वतः चालत जायचा. त्याला मी रडगाणं सांगितलं. तो हसला. त्याने स्टिकरच्या मधोमध ब्लेड फिरवलं आणि म्हणाला, "हे इथे बेकायदेशीर आहे. १९७५ पासून." मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. स्वतः केलं नाही. "तुझं यंत्र आहे, तू उघड."

वयाच्या पंचविशीत, इंजिनिअरिंगची पदवी आणि अर्धी पीएचडी खिशात असताना, मी आयुष्यात पहिल्यांदा रॅमची पट्टी हातात धरली!

काम किती? वायर भिंतीतून काढायची. पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची. पेटीच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते (थंडीत गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाच्या अंगात एक चिप मारण्याइतकी वीज सहज असते). दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलायच्या, पट्टी वर येते. ती कडेला धरायची, पायांना बोट लावायचं नाही. बसवताना पट्टीची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवायची. उलटी बसतच नाही, तशी रचनाच आहे. मग दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबायचं, क्लिपा आपोआप टक् करून मिटेपर्यंत. पहिल्यांदा दाबताना वाटतं की आता बोर्ड मोडणार. मोडत नाही. न मिटलेली क्लिप हे 'रॅम टाकली पण यंत्र नुसतं बीप बीप करतंय' या तक्रारीचं एक नेहमीचं कारण.

आणि निदान? पेन ड्राइव्हवर मेमटेस्टसारखा फुकट प्रोग्रॅम घ्यायचा आणि त्यावरूनच यंत्र सुरू करायचं. तो प्रत्येक भांड्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो, ताडून बघतो. रात्रभर चालू द्यायचा. सकाळी लाल ओळी दिसल्या की एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासायची. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. पट्टी बदलूनही चूक त्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट किंवा बोर्ड खराब. बस्स. यात पीएचडीचं काही नाही. आमचा जॉबर हे तर्कशास्त्र रोज वापरायचा.

माझी तिसरी पट्टी खराब निघाली. सारांश मी पाठवला नाही. पुढच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की मागचा आलेख खोटा होता. कान गरम झाले होते. पण तो आलेख छापून आला असता तर काय, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

आणि हे काही माझं एकट्याचं दुर्दैव नव्हतं. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने २००३ साली ११०० पॉवर मॅक जोडून महासंगणक उभा केला. त्या नोव्हेंबरात जगाच्या यादीत तो तिसरा आला. पण त्या यंत्रांत चूक पकडून दुरुस्त करणारी मेमरी नव्हती. पुढच्याच वर्षी सगळी यंत्रं बदलून तशी मेमरी असलेली घ्यावी लागली. २००९ साली गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात सुमारे ८ टक्के पट्ट्यांत निदान एक चूक आढळली होती. शिवाय बहुतेक चुका योगायोगाने एखादा बिट उलटल्याच्या वाटत नव्हत्या, पट्टीतच दोष असल्याच्या वाटत होत्या. म्हणजे रॅम बिघडते. ती बिघडली की बदलावी लागते. आता विचार करा, ती बोर्डाला सोल्डर केलेली असेल तर?

त्या म्हाताऱ्याच्या १९७५ बद्दल थोडं. मॅग्नसन-मॉस हा अमेरिकेचा वॉरंटीचा कायदा त्या वर्षीचा. साधारण अर्थ असा की आमचाच सुटा भाग वापरा, आमच्याकडूनच दुरुस्त करून घ्या, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही. तुम्ही स्वतः काही मोडलंत तर ते भरून द्यायला कंपनी बांधील नाही, पण नुसतं उघडलं म्हणून हात झटकता येत नाहीत. तरी स्टिकरं लावली जातातच! २०१८ साली इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना समज दिली, २०२४ साली आणखी आठ कंपन्यांना, आणि त्यात कॉम्प्युटरचे भाग बनवणाऱ्याही होत्या. कायदा पन्नास वर्षांचा झाला तरी स्टिकर टिकून आहे, कारण ते कायद्यावर चालतच नाही. ते भीतीवर चालतं.

अमेरिकेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. याच देशात दर मे महिन्यात, सत्र संपलं की, विद्यार्थ्यांच्या वसाहतींबाहेर कचऱ्यात चालू लॅपटॉप पडलेले मी पाहिलेत. एक मी उचलून आणला, रॅम वाढवली आणि तीन वर्षं वापरला. आणि चिकटवलेल्या रॅमचा रिवाजही इथलाच. ॲपलने २००८च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम सोल्डर केली, २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही केली, मग बाकीचे मागोमाग गेले. न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया, ओरेगन या राज्यांनी अलीकडे दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. सुटे भाग द्या, माहिती द्या, असं ते म्हणतात. पण रॅम सुटी ठेवा असं त्यांतला एकही म्हणत नाही. युरोपने निदान बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम केलाय, तो फेब्रुवारी २०२७ पासूनचा. रॅमला वाली नाही.

आता कंपन्यांची बाजू. त्या म्हणतात की लॅपटॉप पातळ हवा आणि बॅटरी टिकायला हवी, तर कमी वीज खाणारी रॅम प्रोसेसरला खेटून सोल्डरच करावी लागते. यात तथ्य आहे. तारेची लांबी वाढली की त्या वेगाला संकेत बिघडतात, हे मी इंजिनिअर म्हणून नाकारणार नाही. दुरुस्तीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या फ्रेमवर्क कंपनीलाही २०२५ साली आपल्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर करावी लागली. पण ही कथा अर्धीच आहे. स्क्रूने बसणाऱ्या सपाट मेमरीचं प्रमाण जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि २०२४ साली लेनोव्होने तशी, कमी वीज खाणारी आणि तरी काढता येणारी रॅम थिंकपॅडमध्ये विकायला आणली. म्हणजे करता येतं. करत नाहीत, कारण न करण्यात पैसा आहे. २०२० ते २०२४ या काळात ॲपल मॅकबुक एअरवर ८ जीबीचे १६ करायला २०० डॉलर घ्यायचं. त्या काळात ८ जीबीची साधी सुटी पट्टी ४० डॉलरच्या आत मिळायची. प्रकार वेगळा, मान्य. पण फरक इतका?

शिवाय भाच्याच्या लॅपटॉपमधली रॅम काही त्या अतिवेगवान जातीची नव्हती. साधीच होती, स्लॉटमध्ये बसणारी मिळते तीच. तिथे कुठलं भौतिकशास्त्र आडवं आलं? स्लॉटचे दोन पैसे वाचवले, आणि ग्राहक दोन वर्षांनी परत आणला.

"सामान्य माणसाला हे जमणार कसं?" असं एकजण विचारणारच. काम वर लिहिलंय. कुकरची शिट्टी उघडून साफ करण्याहून अवघड नाही. मिक्सरचं भांडं बसवणाऱ्या हाताला रॅम बसवता येते.

दुसरा म्हणणार, "आपल्याकडे काय, जुगाड आहे! तापकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडला कोणीतरी चिप उपटून दुसरी लावून देईल." काही कारागीर खरंच देतात, आणि त्यांच्या हाताला माझा नमस्कार. पण पंधरा मिनिटांच्या कामासाठी गरम हवेचं यंत्र आणि बोर्ड जाण्याचा धोका का पत्करायचा? आणि जुगाडाचं कौतुक आता पुरे. खोडरबर घासणं म्हणजे निदान नव्हे, फॉरमॅट मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आमच्या आजोबांच्या आठवणी जुगाडातच गेल्या.

खरा अडथळा तिसराच आहे, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. आपल्याला स्क्रू ड्रायव्हरची लाज वाटते. आपल्या घरांत सॉफ्टवेअरवाला मुलगा म्हणजे कौतुक आणि हार्डवेअरवाला म्हणजे 'दुकानात कामाला'. कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या किती जणांनी रॅमची पट्टी हातात धरलीय? मी धरली नव्हती! जुनं यंत्र वाढवून वापरणं म्हणजे परिस्थिती बेताची, आणि नवीन घेणं म्हणजे प्रगती. जो ग्राहक झाकण उघडणारच नाही त्याच्यासाठी स्लॉट कशाला ठेवायचा, असा हिशेब कंपनीने केला तर तो चुकीचा कसा म्हणू? आपल्या लाजेवर त्यांनी सोल्डर ओतलं.

आणि ही लाज आता महाग पडणार आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी खेचून घेतली आणि २०२५च्या शेवटी शेवटी रॅमचे किरकोळ भाव काही महिन्यांत दुपटीहून जास्त झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने, म्हणजे आयडाहो राज्यातल्या त्या जुन्या मेमरी कंपनीने, सामान्य ग्राहकांना पट्ट्या विकणारा आपला क्रूशल हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव चढले की कंपन्या लॅपटॉपमध्ये कमी रॅम घालणार, हे उघड आहे. स्लॉट असला तर भाव उतरल्यावर वाढवता येते. नसला तर ८ जीबी ही त्या यंत्राची जन्मठेप.

म्हणून माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. विकत घेताना दुकानदाराला विचारा, "रॅम सोल्डर आहे का? रिकामा स्लॉट आहे का?" त्याला माहीत नसेल तर माहीत करून घ्यायला लावा, नाहीतर उठा. आणि जे कॉलेजात, बँकेत, पतसंस्थेत, सरकारी कचेरीत खरेदीच्या कागदावर सही करतात, त्यांनी टेंडरमध्ये एक ओळ घालावी की मेमरी काढता-घालता येणारी असावी. शंभर ग्राहकांच्या तक्रारीपेक्षा ती एक ओळ कंपनीला लवकर ऐकू जाते. दिल्लीत ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलं झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि मागणाऱ्यालाच जर दुरुस्तीची लाज वाटत असेल तर कायदा तरी काय करणार?

आत्याला मी सांगितलं की नवा लॅपटॉप आणणार नाही. कोल्हापुरात एखादा वापरलेला ऑफिसचा लॅपटॉप बघा, दोन स्लॉटवाला. माझ्याकडे जुन्या यंत्रातून काढून ठेवलेल्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, मेमटेस्टमध्ये रात्रभर पास झालेल्या. त्या घेऊन येतो. बसवायच्या मात्र पोराने, मी नुसता शेजारी बसणार.

फोनवर जरा शांतता झाली. मग आत्या म्हणाली, "म्हणजे जुनाच घ्यायचा? आणि लोक काय म्हणतील, मामा अमेरिकेत आणि पोराला जुना लॅपटॉप?"

असो. लॅपटॉप अजून ठरायचाय. आत्याची समजूतही अजून काढायचीय, आणि ते काम रॅम बसवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.